डॉक्टरांना बाबांनी केलेला फोन

पदवीनंतर पशुवैद्यकाला प्रवेश हवा असेल तर मार्कांसोबत दवाखान्यातला अनुभव आणि डॉक्टरांची शिफारस लागते. म्हणून तिसऱ्या वर्षी मी आयर्लंडमधल्या गॉलवेबाहेरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात दर शनिवारी जायचे. पिंजरे धुवायचे, बिथरलेली मांजरं टॉवेलात गुंडाळून धरायचे. तिथे मी खूश होते.

एका शनिवारी कुणीतरी शर्यतीची ग्रेहाउंड कुत्री आणली. पुढच्या पायाने लंगडत होती. एक्स-रेमधली बारीक चीर डॉक्टरांनीच मला बोट ठेवून दाखवली. मालक म्हणाला, "हिला आज संध्याकाळी पळायचंय." डॉक्टरांनी सांध्यात वेदना मारणारं इंजेक्शन दिलं. तिचं डोकं मी धरलं होतं. पाच-दहा मिनिटांत ती न लंगडता गाडीत चढली.

"मी याची तक्रार करणार," मी म्हणाले.

"मी नाही दिलं तर दुसरा कुणी देईल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "चहा घेणार?"

घ्यायला आलेल्या बाबांना गाडीतच सगळं सांगितलं. माझे बाबा पुण्यात कारखान्यांच्या गेटवर उभे राहून युनियनची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवर. जो गप्प बसतो तो मालकाच्या बाजूचा, हे त्यांनी मला वरणभात भरवताना शिकवलं. इथे आल्यावर ते औषधांच्या प्लँटमध्ये क्वालिटी तपासायला लागले. मला वाटलं, म्हणतील, चल, मसुदा करू.

"आधी ॲडमिशन होऊ दे," ते म्हणाले. "मग कर काय क्रांती करायची ती."

"तोवर ती तुटक्या पायाने पळेल."

"एका कुत्रीसाठी करिअर घालवणार?"

"प्लँटमध्ये शंका आली की तुम्ही अख्खी बॅच थांबवता, बाबा."

"तो माझा जॉब आहे. तुझा अजून नाहीये."

मी गप्प बसले. त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला असावा.

पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी हसत स्वागत केलं. "तुझ्या बाबांचा फोन आला होता. ग्रँड माणूस! म्हणाले, पोरगी भावनेच्या भरात बोलली, तक्रार वगैरे काही करणार नाही. माफीही मागितली बिचाऱ्यांनी. तुझी शिफारस मी लिहितोच आहे."

माफी. माझ्या वतीने, मला न विचारता. डॉक्टरांचा मला तेवढा राग आला नाही. त्यांनी निदान मी कोण व्हावं हे कधी सांगितलं नव्हतं.

एप्रन काढला आणि बाहेर बसस्टॉपवर बसून फोनवरूनच पशुवैद्यकांच्या कौन्सिलकडे तक्रार पाठवली, माझं नाव घालून.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, तेव्हा ते पोळ्या लाटत होते. "तुला कळतंय का? इथले सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात. आता तुला कोण उभं करेल?"

त्यांचं खरं ठरलं. त्यानंतर दोन दवाखान्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. अर्ज तसाच पडून आहे. मी अजून विचारत फिरते, पार पूर्व किनाऱ्यावरच्या डंडॉकपर्यंत जाऊन आले. बाबांना मात्र कुठे विचारलंय ते सांगत नाही. नाहीतर ते फोन करतील.