साडूभाऊंची शेगडी

माझ्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि अशा माणसाने पोटासाठी निवडलं काय, तर डिझेलचा ट्रक! मी तेव्हा चिखलदऱ्याला मास्तर होतो. साडूभाऊ परतवाड्याहून सागवान न्यायला घाट चढून यायचे, मुक्कामाला आमच्याकडेच. समोर चिटपाखरू नसलं तरी प्रत्येक वळणावर हॉर्न. पाल चुकचुकली की चहा तसाच ठेवून उठणार. पण सगळ्यात मोठं भय विस्तवाचं. लहानपणी अंजनगावला त्यांच्या डोळ्यांदेखत कडब्याची गंजी पेटली होती. आणि हिवाळ्यात आमच्याकडे विस्तवावाचून ट्रक हलत नसे. गारठ्याने इंजिनातलं तेल तुपासारखं थिजायचं. मग चेंबरखाली, म्हणजे जिथे तेल साठतं त्या तळाखाली, निखाऱ्यांची शेगडी ठेवावी लागे.

हा सोहळा अर्धा तास चाले. रेतीच्या दोन बादल्या, ओलं पोतं, घरची माणसं अंगणाबाहेर, त्यांच्यामागे आमची शेळीसुद्धा! साडूभाऊ लांब बांबूने शेगडी आत ढकलत, आंब्याआड जाऊन उभे राहत आणि तिथूनच ओरडत, "धूर दिसून राहिला का?" मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसा, मास्तर! इंजिनाले चटका नाही, ऊब पायजे."

एका पौषात सकाळी सकाळी माझी बायको अडली. सुईणीने हात टेकले. "परतवाड्याले न्या, नाहीतर दोघंबी जातीन." साडूभाऊ आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. दारात ट्रक गारठून उभा. हँडल मारून मारून दोघेही दमलो, इंजिन हूं की चूं करेना. तेव्हा साडूभाऊंनी शेगडी उचलली. बांबू नाही, रेती नाही. सरळ ट्रकखाली आडवे झाले, दोन विटांवर शेगडी चढवली आणि सुपाने वारा घालू लागले. ठिणग्या त्यांच्या मफलरवर पडत होत्या आणि डिझेलची नळी तिथून जेमतेम वीतभर अंतरावर होती.

"साडूभाऊ, बाहेर या! पेटेल!" मी किंचाळलो.

"भेव तं मलेबी लय वाटून राहिलं, मास्तर," खालून थरथरता आवाज आला. "पण तिच्याइतलं नाही न! तुमी हँडल धरा."

तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. परतवाड्याला मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप.

साडूभाऊंचा भित्रेपणा मात्र तसूभर कमी झाला नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बांबू, रेती, शेळी. लेक बोलायला लागल्यावर "धूल नाई!" असं ओरडायचं काम तिने घेतलं.

ती चौथीत असताना साडूभाऊंचं दुखणं बळावलं. आम्ही परतवाड्याला भेटायला गेलो तेव्हा थंडी कडाक्याची, त्यांचे हात बर्फासारखे गार. मी शेगडी आणू का विचारलं, तर डोळ्यांत तीच जुनी भीती. लेक उशाशी बसली आणि त्यांचे हात तिने आपल्या तळव्यांत धरले. कितीतरी वेळाने ते पुटपुटले, "धूर दिसून राहिला का?"

"नाही, मावसाजी."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मला काही तिथे उभं राहवेना. लेक मात्र हात तसेच धरून बसून राहिली.