अण्णाच्या नावावरचा दगड

अण्णा गेल्याला सव्वा महिना झाला. उचगावात परड्यात शेंगा फोडत बसले होते, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "आत्ती, बाबा..."

बेळगुंदीला अण्णाच्या घरी भेटायला लई माणसं आली. माझा हा थोरला भाऊ बेळगावच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. दरवर्षी पोरांना तमिळनाडूतल्या एका राखीव उद्यानात न्यायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता म्हणे. त्यातले नामशेष झालेले जीव दगड होऊन पडलेत. त्याची सक्त ताकीद असायची, काही उचलायचं नाही. आणि त्यातच एक दिवस ओसरीवर त्याचाच एक जुना विद्यार्थी चार जणांत म्हणाला, "सरांनीच तिथला दगड आणला होता, म्हणून सहली बंद झाल्या." आत बसून मी ऐकलं. अंगाची लाहीलाही झाली, पण तोंड उघडलं नाही...

एका सहलीला मीही गेले होते. नवऱ्याचं बायपास महिन्यावर आलेलं, जीव थाऱ्यावर नव्हता. वाटेत वेटोळ्याचा काळसर दगड दिसला. शाळिग्राम पायदळी कसा ठेवायचा? पदरात बांधला, देव्हाऱ्यात ठेवून रोज तुळस वाहिली. पुढं अण्णा घरी आला आणि बघून पांढराफटक पडला.

"शांते, तिथला हाय न्हवं ह्यो?"

"देव हाय त्यो, अण्णा. ह्यांचं ऑपरेशन तेवढं होऊ दे."

मला वाटलं, आता ओरडतोय. तो पाटावर टेकला. "व्हय गं, शाळिग्रामात बी त्योच जीव असतोय. पर ह्येच्या जातीचं आता समुद्रात कुणी उरलं न्हाय. ह्येला ह्येच्या जागी जाऊ दे... दाजी बरं झाल्यावर."

ते बरे होऊन घरी येईपर्यंत त्यानं एकदाही मागितला नाही. मग मीच हळदकुंकू वाहून दिला. एकटाच रेल्वेनं जाऊन पोचवून आला. उद्यानातले साहेब काय म्हणाले, विचारलं तर, "काय म्हणत्यात? चा पाजला."

गेल्या आठवड्यात वहिनीसोबत त्याचं कपाट आवरताना एका अर्जाची प्रत सापडली. दगड मी नेला, चूक माझी आहे, असं त्याच्या अक्षरात. खाली उद्यानाचा शेरा, की ह्यांनी यापुढे विद्यार्थी आणू नयेत. ज्या जागेवर त्याचा जीव, तिचं दार माझ्यापायी बंद झालं, आणि मला चहावर भागवलं रे देवा! वहिनी म्हणाली, "जाऊ दे, गेलं ते." कसं जाऊ दे?

बाळा, त्या दिवशी मी आत गप्प बसले, ते चुकलं. दगड मी आणला होता. चार जणांत बोललास ना, आता त्याच चार जणांना हे वाचून दाखव.