सॉरीमामांचं इंग्रजी

आईनं भाकरी वाढली तेव्हा मी तिला "थँक्यू" म्हणालो, आणि तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

"मी काय खानावळवाली हाय व्हय?" एवढं म्हणाली, मग मुकीच. निजामी संस्थानाच्या विलीनीकरणानंतर कचेरीतली उर्दू जाऊन इंग्रजी आली होती. उर्दूत शिकलेला मी कारकुनीच्या मुलाखतीसाठी पुस्तकातून इंग्रजी शिष्टाचार घोकत होतो, आणि सरावाला नेमकी आई सापडली.

उमरग्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे एक मामा होते; त्यांना सगळे सॉरीमामा म्हणत. जखमेवर आयोडीन लावायच्या आधी ते "सॉरी हां, माय" म्हणायचे, आणि चेहरा असा कळवळलेला, की जखम त्यांचीच वाटावी. कुठल्याशा मिशनच्या नर्सबाईकडून उचललेले तीन शब्द, एवढंच त्यांचं इंग्रजी. एबीसीडी वाचता येत नव्हती.

एकदा बोट चेचलेला ट्रकवाला सगळ्या दवाखान्याला शिव्या घालत होता. मामा त्याच्यापुढं उकिडवे बसले. "प्लीज भाऊ, हात द्या." शिवी अर्ध्यातच राहिली. त्या आडदांड माणसानं लेकरासारखा हात पुढं केला. मी औषध न्यायला गेलेलो, ते दारातून बघत होतो. माझ्या पुस्तकात 'प्लीज'चे अकरा उपयोग दिले होते. त्यांत हा नव्हता.

मी मामांना आईचं गाऱ्हाणं सांगितलं. म्हटलं, मला शिकवा.

"शिकवायचं काय त्यात? आदी माणसाकडं बघावं, शब्द मागनं येतो. तू आईला थँक्यू म्हनला, तवा कुठं बघत व्हतास?"

"पुस्तकात."

मामा लई हसले.

त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी दुपारी त्यांना जेवायला बोलावलं; पोटात स्वार्थ, की निदान पाहुण्यासमोर आई बोलेल. ती बोलली, पण मामांशीच. "सॉरी अक्का, माझ्यापायी तुमाला चुलीपुढं बसावं लागलं," म्हणत ते जेवले. माझ्या हातातून हिसकून घेतलेलं स्वतःचं ताट घासून ठेवलं. निघताना उंबऱ्याशी थांबले, तिच्याकडं बघत हात जोडले.

"थँक्यू, अक्का."

आईनं डोळ्यांना पदर लावला आणि वाटेत खायला चार भाकरी फडक्यात बांधून दिल्या. मामा वळणावर दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो.

मला राहवलं नाही. "आई, मीपण हेच म्हणालो होतो की!"

तेव्हा कुठं ती माझ्याशी बोलली. "त्यांचं इंग्रजी मला कळतंय. तुझं मराठीबी कळत न्हाय."