आठव्या दिवसाचं बोट

माझा धंदा केस कापायचा. नारायणगाव सोडून जुन्नरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माझं दुकान आहे, बाहेर बाकडं आणि आत दोन खुर्च्या. तीस वर्षांत गावातलं एक डोकं तेवढं माझ्या हाताखालून गेलं नव्हतं, आणि ते रोज माझ्या दुकानासमोरून जायचं. शमशोन पाटोळे. अठ्ठावीस वर्षांचा गडी, खांदे दाराला अडतील असे, आणि कमरेपर्यंत वेणी. शाळेत पोरं त्याला ताई म्हणायची आणि मार खायची.

हे सगळं त्याच्या नावामुळं. आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. त्यातल्या दहा घरांत पोर झालं की आजी म्हणते एस्तेर ठेवा, आत्या मोबाइलवर शोधत बसते, पाळक विचारतात की नाव शास्त्रातलं आहे ना, आणि नसलं तरी बाप्तिस्मा द्यायचे थांबत नाहीत. अकरावं घर नथनेल पाटोळ्याचं. हा चर्चच्या मंडळीतला वडील माणूस, द्राक्षबागांच्या छाटणीत हात धरणारा कुणी नाही, आणि बोलणं तोलून-मापून, छापील. त्याच्या घरी नाव माणसानं निवडायचं नाही असा नियम. पोर आठ दिवसांचं झालं की नथनेल उपाशीपोटी बसायचा, पवित्र शास्त्र मांडीवर घ्यायचा, डोळे मिटून उघडायचा आणि पानावर बोट टेकवायचा. बोटाच्या सगळ्यात जवळ जे नाव असेल, ते पोराचं. पाळकांनी एकदा सांगून पाहिलं की बाबा, असं करा असं कुठं लिहिलेलं नाही. नथनेल म्हणाला, "पुस्तक मी उघडत नाही, देव उघडतो."

थोरल्या पोरीला असं याएल नाव आलं. त्या याएलनं शत्रूच्या सेनापतीच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली होती म्हणे. नाव आलं म्हणजे नावासारखं वागणंही आलं. सहा वर्षांच्या त्या पोरीला नथनेल कोंबड्या कापायला बसवायचा आणि तिनं डोळे मिटले की थोबाडीत द्यायचा. सतराव्या वर्षी ती नाशिकला जाणाऱ्या एसटीत बसली ती बसलीच. पुन्हा कधी फोनसुद्धा नाही.

धाकट्याच्या वेळी बोट शमशोनवर पडलं. शमशोन म्हणजे देवाला वाहिलेला, नुसत्या हातांनी सिंह फाडणारा माणूस. डोक्याला वस्तरा लावायचा नाही, दारू नाही, आणि द्राक्षवेलीचं काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही. आता आमच्याकडं टोमॅटो आणि द्राक्षं सोडून आहे काय? पोर नऊ वर्षांचं असताना बापाच्या मागं बागेत गेलं. काळी जम्बो द्राक्षं उतरायला आली होती, मणी बोराएवढाले. पोरानं चार तोडून खाल्ले.

मी तेव्हा एकाची दाढी करत होतो. पोर धापा टाकत दुकानात शिरलं आणि खुर्चीमागं दडलं. ओठ जांभळे. मागोमाग नथनेल, हातात वेलींच्या मांडवाची तार. त्यानं खाली वाकून पोराचे केस मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळले आणि त्याला फरफटत बाहेर काढलं. बाकड्यापाशीच सुरुवात केली. तारेचा आवाज आधी यायचा आणि पोराची किंकाळी मग. सदरा फाटला, पाठ फाटली. नथनेल मोजत होता, मोठ्यानं, प्रत्येक मण्याला दहा. रस्त्यावर वीस माणसं उभी होती. माझ्या हातात उघडा वस्तरा होता आणि मी उंबऱ्याच्या आत उभा होतो. मी काही केलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं, दुसऱ्याच्या धर्मातलं, आपण कशाला मधे पडा, असं मी मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर मी भ्यालो. आजही त्याची लाज वाटते.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ते केस देवाचे असतील-नसतील, नथनेलला ते धरायला बरे पडतात. कुठलीही मारहाण केसांपासूनच सुरू व्हायची.

घरातल्या बाईबद्दल सांगायचं राहिलं. शमशोनची आई, द्रौपदाबाई. जबडा डाव्या बाजूला सरकलेला, बोलली की शब्द वाकडे पडायचे, म्हणून बोलायचीच नाही. पहिल्या बाळंतपणात विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, असं नथनेल सांगायचा. आम्हीही मान हलवायचो.

सहा वर्षांपूर्वी सकाळी साडेसहाला शमशोन छाटणीला निघाला असताना उसातून बिबट्यानं झेप घेतली. आमच्याकडं बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच म्हातारे होतात, त्यात नवल नाही. पण या मादीनं त्याचा खांदा धरला, आणि पंजा वेणीत गुंतला. ना त्याला सुटता येई, ना तिला. दोघं चरीत गडगडत गेले. शमशोनच्या हातात छाटणीची कात्री होती. ती त्यानं तिच्या गळ्यात खुपसली, उपसली, पुन्हा खुपसली, ती हलायची थांबली तरी खुपसत राहिला. माणसं पोचली तेव्हा मातीचा चिखल झाला होता. खांद्याला एकोणतीस टाके पडले. वनखात्याचे लोक आले, जबाब झाले, जीव वाचवायला मारलं असं ठरलं. दोन दिवसांनी ऊसतोड्यांना तिथंच दोन बछडे सापडले.

रविवारी नथनेलनं भर उपासनेत पोराचा सदरा काढला, पट्ट्या सोडवल्या आणि जखमा लोकांना दाखवल्या. "पाहा, हा आपल्या नावाला जागला!" एक टाका तिथंच उसवला. संध्याकाळी शमशोन माझ्या बाकड्यावर येऊन बसला.

"कुंडलिकभाऊ, तिला पान्हा व्हता," तो म्हणाला. "माझ्या शर्टाला रक्त व्हतं तसं दूध पण व्हतं."

एवढा मोठा माणूस हमसून रडला. मी चहा मागवला. मला दुसरं काय येतं?

मग त्याचं लग्न झालं. पेठची मुलगी, स्नेहा. कॉम्प्युटर शिकलेली, हसरी, मुख्य म्हणजे त्याला न भिणारी. नथनेलला तिचं नाव शास्त्रात नाही म्हणून पसंत नव्हतं, पण मंडळीनंच जुळवल्यामुळं गप्प बसला. यंदा फेब्रुवारीत ती माहेरी बाळंत झाली. मुलगी.

आठव्या दिवशी सकाळी मी शटर उघडतोय तर शमशोन दारात. आत येऊन खुर्चीत बसला.

"काढा."

"काय काढू?"

"समदं. वस्तरा फिरवा."

"बापाला विचारलंस का?"

"आज ते पेठला चाललेत, नाव काढाया. माझं काय चुकलं तर पोरीच्या म्होरं मला केसाला धरत्याल. तिनं डोळं उघडल्यावर पयलं ते बघाया नगं."

मी वेणी कापली. मनगटाएवढी जाड होती, आणि हातात घेतली तर ओझं वाटलं. वस्तरा फिरवताना टाळूवर जुने वण सापडत गेले, केस उपटल्याचे, दगड लागल्याचे. एकेक चुकवत मी हळू हात चालवला. शमशोन आरशात बघत नव्हता.

"आणि नाव भलतंच आलं तर?" मी विचारलं.

"बोट खोटं पडत न्हाई, भाऊ. माझं पडलं ना खरं? बिबट्या मारला का न्हाई मी?" तो डोळे मिटून म्हणाला. "चांगलं नाव आलं तर मी गप ऱ्हाईन. वंगाळ आलं तर ते तिला त्या नावापायी मारणार, जसं याएलला मारलं. अन् मग मी त्यांचा मुडदा पाडीन. तुमी माझ्यासंगं चला. मला धराया कुणीतरी पायजे."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी शटर ओढलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो. मंचर गेलं, अवसरीचा फाटा गेला, त्यानं वेग कमी केला नाही.

पेठला स्नेहाच्या आईचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पाळणा. नथनेल आणि द्रौपदाबाई आमच्या आधीच पोचले होते. नथनेलच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात पुस्तक. त्यानं मान वर केली आणि पोराचं तुळतुळीत डोकं पाहिलं.

"कोणी केले हे?"

"मी," मी म्हटलं. आयुष्यात एकदा तरी वेळेवर तोंड उघडलं. त्याचं बक्षीस म्हणजे अशी कानफटीत बसली की दातांनी जीभ चावली गेली आणि तोंडात रक्त आलं. पासष्टीचा माणूस, पण छाटणीचा हात.

"तू मला मेलास," नथनेल पोराला म्हणाला. "पण ही मुलगी देवाची आहे. तिचे नाव घेतल्यावाचून मी उठणार नाही."

त्यानं डोळे मिटले. पुस्तक उघडलं. बोट खाली आलं. मग त्यानं डोळे उघडून वाकून पाहिलं.

"दलीला."

स्नेहानं तोंडावर हात घेतला. मलाही एवढं ठाऊक होतं. शास्त्रातल्या शमशोनला फसवून त्याचे केस कापायला लावणारी ती बाई. तिच्यामुळं त्याचे डोळे काढले, त्याला बेड्या घातल्या.

"पाहिलेस?" नथनेलचा आवाज कापत होता, आनंदानं की भीतीनं ते सांगता येत नाही. "आज वस्तरा लागला आणि आज हे नाव आले! ही तुझा घात करायला आली आहे. हिला पहिल्या दिवसापासून ठेचून वळण लावावे लागेल. आण तिला इकडे."

तो पाळण्याकडं वळला. स्नेहा आडवी आली, तिला त्यानं कोपरानं भिंतीवर ढकललं. आणि शमशोन? तो जागचा हलला नाही. मी त्याला धरायला तयार उभा होतो आणि तो थिजला होता. त्याच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं, त्याला ते नाव खरं वाटलं होतं. बोट खोटं पडत नाही.

तेवढ्यात द्रौपदाबाई उठल्या. त्यांनी पुस्तक उचललं, मिटलं, जमिनीवर उभं धरून सोडलं. पुस्तक आपोआप उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा सोडलं. पुन्हा त्याच पानांत. तिसऱ्यांदाही तिथंच.

"शास्ते, शास्त्रातला ह्यो एकच भाग," त्या म्हणाल्या, वाकड्या जबड्यातून, पण एकेक शब्द सुटा. "याएल शास्त्यातली. शमशोन शास्त्यातला. दलीला बी शास्त्यातलीच. दुसरं कायच उघडत न्हाई या पुस्तकाचं. पाठ हितं मोडलीया त्याची."

"गप्प बैस!"

"याएलच्या आठव्या दिशी बोट टेकवायच्या आधी मी म्हनले, पोरीचं नाव मी ठेवते, इंद्रायणी. तर ह्यांनी हेच पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्या तोंडावर हाणलं. चार दात पडलं. जबडा मोडला अन् पुस्तकाची पाठ बी मोडली." त्या पोराकडं वळल्या. "देवानं उघडलं न्हाई रं ते, शमशोन. माझ्या तोंडावर मोडलं तितं उघडतंय."

नथनेलनं तिला ठोसा मारला. बंद मुठीचा, त्याच मोडक्या बाजूवर. बाई पाळण्याच्या पायाशी कोसळली, पाळणा हिंदकळला आणि तान्ही पोर किंचाळली. मग नथनेल शमशोनकडं झेपावला, आणि सवयीनं त्याचा हात डोक्यामागं गेला, वेणी धरायला. बोटं गोट्यावरून घसरली. त्यानं पुन्हा हात टाकला, पुन्हा घसरला. धरायला काही नव्हतंच.

शमशोननं त्याचा गळा धरला. एका हातानं. उचलून भिंतीला लावला तसा भिंतीवरचा आरसा फुटून खाली आला. म्हाताऱ्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. आधी तो पोराचं मनगट ओरबाडत होता, चामडी निघेपर्यंत. मग ओरबाडणं मंदावलं. चेहरा जांभळा पडला, जीभ दिसायला लागली, लेंगा ओला झाला. शमशोनचा चेहरा बिबट्याच्या दिवशी त्याला चरीतून बाहेर काढलं तेव्हा होता तसाच होता.

मला धरायला नेलं होतं. मी धरलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी उंबऱ्याआड उभा राहिलो तो भ्यालो म्हणून. या वेळी मी भ्यालो नव्हतो. म्हातारा मरावा असं मला वाटत होतं, आणि ते मी लपवणार नाही.

द्रौपदाबाई जमिनीवरून उठून बसल्या. हनुवटीवरून रक्त पदरावर गळत होतं. त्यांनी हात वर करून पाळण्याची दोरी धरली आणि नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाल्या, "सोड त्याला, बाळा. इंद्रायणी रडतीया."

शमशोननं मान वळवली. पाळण्याकडं बघितलं. आपण कुणाला धरलंय ते त्याला त्या वेळी कळलं असावं. हात सुटला, म्हातारा पोत्यासारखा खाली बसला आणि खोकत राहिला. कुणी त्याला पाणी दिलं नाही.

शमशोननं रक्ताळलेला हात सदऱ्याला पुसला आणि पोरीला उचलून आईच्या मांडीवर दिलं. द्रौपदाबाईंनी पदरानं आधी तोंड पुसलं, मग पोरीच्या कानाशी वाकल्या आणि तेहतीस वर्षं तोंडात राहिलेलं नाव त्यांनी सावकाश, अगदी सरळ उच्चारलं.