चूल बघितल्याशिवाय

आमचे मलकूमामा हॉटेलात शिरले की बसायचे नाहीत. बाकीची माणसं रिकामं बाकडं बघतात, पंखा बघतात, फार तर गल्ल्यामागचे देवांचे फोटो मोजतात. मामा थेट आत. पोऱ्या "ओ पाव्हणं, ओ पाव्हणं" करत मागं धावेपर्यंत मामा चुलीपुढं उकिडवे बसलेले असायचे. धूर कुठल्या रंगाचा, लाकूड ओलं की सुकं, राख कुठं ओढलीय, सगळी तपासणी करायचे आणि बाहेर येऊन हायकोर्टासारखा निकाल द्यायचे. "बसा. चूल बरी हाय." नाहीतर, "उठा. लाकूड ओलं हाय, आमटीला धुराचा वास येतोय." आम्ही बिचारे अर्धा अर्धा कप चहा प्यायला आलेलो. आमटीचा संबंधच नाही. पण उठायचो.

"चूल बघितल्याशिवाय बूड टेकायचं न्हाय," हा त्यांचा कायदा. आणि दुसरं वाक्य होतं, "सोलापूर मला इचारायचं!" हे म्हणताना त्यांचा उजवा हात डोक्याच्या बाजूला छत्री धरल्यासारखा वर जायचा, मान ताठ व्हायची आणि डोळे अर्धे मिटायचे. मोहोळच्या शाळेत असल्यापासून मी हेडमास्तर, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर अशा सगळ्यांच्या नकला करायचो. पण मामांच्या नकलेला मेहनतच नव्हती. हात वर केला की गॅदरिंगमध्ये मागची रांग खाली कोसळलीच.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तरुणपणी काही वर्षं सोलापुरात होते. तिथं काय करत होते, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. विचारलं की सांगायचे, "हॉटेल लाइन." एवढं बोलून तंबाखू मळायला लागायचे. त्यामुळं आमच्या घरात असा समज पक्का झाला होता, की सोलापुरातली निम्मी हॉटेलं मामांनी काढली आणि उरलेली दयाबुद्धीनं दुसऱ्यांना काढू दिली.

मग माझ्या अक्काचं लग्न ठरलं. मुलगा अक्कलकोटकडचा, शाळेत मास्तर. अक्कानं आधीची तीन स्थळं मान खाली घालून बघितली होती. या वेळी मान वर करून बघितलं आणि आईला म्हणाली, "हेच." आमच्या घरात मुलीनं "हेच" म्हणणं म्हणजे केवढी गोष्ट! वडील दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत. मग एकदम साखर वाटत सुटले.

अडचण एकच होती. मुलाचे काका, बसण्णाकाका. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, तसे बसण्णाकाका अपमान जमवायचे. आधी ठरत आलेल्या दोन सोयरिकी त्यांनी मोडल्या होत्या. एक चहा गार होता म्हणून, दुसरी चहा फार गरम होता म्हणून. त्यांच्याबरोबर त्यांची आई, गंगव्वा आजी. आजी स्वभावानं गरीब, पण त्यांचा एक नेम होता. जिथली चूल दिसत नाही, तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

आमच्याकडं लग्नाच्या कापडाची खरेदी, म्हणजे बस्ता, बांधायला दोन्हीकडची माणसं एकत्र सोलापूरला जातात. दुपारचं जेवण मुलीकडच्यांनी घालायचं, आणि सगळ्यांना एकाच पंगतीत. अर्धी माणसं बसली आणि अर्धी उभी राहिली, तर ती उभी राहिलेली माणसं पुढं आयुष्यभर उभीच राहतात. प्रत्येक बारशाला, प्रत्येक जावळाला आठवण काढून उभी राहतात. वडील म्हणाले, "घरनंच डबं न्यावं." मामांना असा झटका बसला, की तंबाखू हातातून सांडली. "पाव्हण्यास्नी सोलापुरात न्यायचं आन डबं उघडायचं? आन मी काय मेलोय व्हय? सोलापूर मला इचारायचं!"

हात वर. छत्री उघडली. विषय संपला.

ऐन उन्हाळ्यात पंचवीस-तीस माणसं कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर सकाळपासून बसली. बसण्णाकाकांनी प्रत्येक शालू उलटा करून, सुलटा करून, उन्हात धरून बघितला. दुकानदार घामानं भिजला. शेवटी गाठोडी बांधून झाली आणि बसण्णाकाका रुमालानं मान पुसत म्हणाले, "बरं, जेवायचं कुटं म्हणायचं?" प्रश्न साधा होता. पण विचारताना त्यांचे डोळे असे चमकले, की मला मांजराची आठवण झाली.

"चला माझ्या मागं," मामा म्हणाले.

आणि आमची वरात निघाली. पुढं मामा, मागं गाठोडी घेतलेले पुरुष, त्यामागं बायका, सगळ्यात शेवटी आजीला धरून अक्का. मामा एका चौकात थांबले, डाव्या हाताच्या इमारतीकडं बघत राहिले. सायकलींचं दुकान होतं. "हितं… हितं फर्मास जेवण मिळायचं," मामा म्हणाले. मी म्हणलं, "मामा, आता फर्मास पंक्चर मिळतंय." मग मामांनी एक विचित्र गोष्ट केली. इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात गेले आणि तिथून ओरडले, "हां! हेच! हेच हुतं ते!" जणू सायकलवाल्यानं मागून भाकरी बाहेर काढली असती!

दुसरं हॉटेल चालू होतं, पण बाकडी मोजकी. मालक म्हणाला, "काय अडलंय? आठ-आठ जण बसा की. पाळीपाळीनं." बसण्णाकाका लगेच पुढं झाले. "आमी कितव्या पाळीत म्हणायचं? आधीच ठरवून सांगा. न्हाय, नंतर गोंधळ नको." इतक्या गोड आवाजात म्हणाले, की वडिलांचा चेहरा पिवळा पडला.

तिसरं हॉटेल नवं होतं. आरसे, पडदे, दारात कुंड्या. जागाही होती. पण आजी उंबऱ्यातच थांबल्या. "चूल कुटाय?" वेटर म्हणाला, "आजी, चूल लई आत हाय. गिऱ्हाइकाला दिसत न्हाय." आजी म्हणाल्या, "मग मीबी तुला जेवताना दिसत न्हाय." आणि वळल्या.

ऊन मी म्हणत होतं. पोरं रडायला लागली होती. प्रत्येक ठिकाणी मामांचं तेच. पाटीकडं परक्यासारखं बघायचं, आणि मागच्या बोळात जाऊन चेहरा उजळून यायचा. मला राहवलं नाही. वरातीच्या मागं मी हात वर करून मामांसारखं चालायला लागलो. पाहुण्यांमधले दोघेतिघे हसले. तेवढ्यात अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं.

"शिऱ्या, आज नको," ती हळू म्हणाली. "ते काका सकाळपासनं निमित्तच हुडकलालेत. आज हे मोडलं, तर मी पुन्ना कुणाफुडं बसणार न्हाय."

मी हात खाली घेतला.

गिरणीचा भोंगा वाजला तेव्हा मामा एका बोळात शिरत होते. बोळ म्हणजे काय वर्णावं! एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला राखेचा ढीग, मध्ये झोपलेलं कुत्रं. कुत्र्यानं एक डोळा उघडला, एवढी माणसं बघितली आणि परत मिटला. बोळाच्या शेवटी एक उघडं दार, आत परस. "आली! काशीबाईची खानावळ!" मामा म्हणाले. मी पलीकडं डोकावलो. पुढच्या बाजूला भोंग्याबरोबर सुटलेले कामगार खच्चून भरले होते. उभं राहायलासुद्धा जागा नव्हती.

बसण्णाकाका दाराच्या अलीकडं थांबले. सकाळपासून ज्याची वाट बघत होते, ते त्यांना मिळालं होतं. सावकाश, एकेक शब्द चाखत ते म्हणाले, "वरपक्षाला गटाराच्या वाटंनं आणलं. मागल्या दारानं. मागल्या दारानं जेवायला कोण येतंय, ठावं हाय न्हवं? चला रे. गाठोडी ठेवा हितंच. यष्टीला अजून येळ हाय."

वडील हात जोडायला लागले, पण हात अर्ध्यातच राहिले. अक्का भिंतीकडं बघत होती.

तेवढ्यात परसातून पितळी घागर कमरेवर घेतलेली एक धिप्पाड बाई बाहेर आली. मामांकडं बघून तिनं घागर खाली ठेवली. "अगं बया! लाकडाचा मलकू! आरं किती वर्सानं! गाडी कुटाय तुजी?"

झालं. हॉटेल लाइन! सोलापूरच्या हॉटेलांचा बादशहा बैलगाडीतून जळण टाकायचा. आयुष्यभर पुरेल असा माल माझ्या पुढ्यात पडला होता, आणि मला हसूच येईना. मामांचा हात सवयीनं वर गेला होता, तो हळूहळू खाली आला.

"व्हय," ते म्हणाले, काशीबाईला नाही, बसण्णाकाकांना. "लाकडाचाच. ह्या गावातल्या एकाबी खानावळीत मी फुडल्या दारानं गेलो न्हाय. लाकूडवाल्याला फुडनं कोण घेतंय? मला समदी हॉटेलं मागनंच ठावं हायती. पाट्या कुनी बघितल्यात? पर कुठली चूल सोवळी, कुठली माणसं खरकट्यात हात घालून भाकरी थापत्यात, ते मला इचारा. ही चूल सोलापुरात एक नंबर हाय. राग आला आसंल तर माझ्यावर काढा. पोरीवर नको."

"म्हंजे लाकूडवाल्याच्या भरवशावर आमी दुपारभर…" बसण्णाकाकांनी नुकती सुरुवात केली होती. पण गंगव्वा आजी केव्हाच दारापाशी पोचल्या होत्या. पायरीवर बसून आत बघत होत्या. धगधगीत चूल, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी, बाजूला सारवलेली जमीन.

"बसण्णा," आजी म्हणाल्या, "चूल दिसतीया."

"अव्वा, हे मागलं दार हाय."

"चूल मागंच असतीया की. फुडं गल्ला असतोय." आजींनी पदर खोचला. "मी बसले. तुला उभं राहायचं तर राहा."

काशीबाईच्या परसात लाकडं रचायची मोठी जागा होती. पावसाळ्याआधीची लाकडं अजून यायची होती, म्हणून रिकामी होती. झाडून, पाणी मारून तिथं तरटं अंथरली आणि सगळीच्या सगळी माणसं एका पंगतीत बसली. एकसुद्धा उभं नाही. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, ताक. मामा चुलीपुढं उकिडवे बसून लाकडं सारत होते, काशीबाई थापत होती आणि दोघं एकमेकांना शिव्या देत होते. "आरं, जाळ किती करतोस, भाकरी करपलाल्या!" "तू थाप गप. जाळाचं मला शिकवतीया!" बसण्णाकाका पहिली भाकरी रागानं जेवले, दुसरी विचार करत, आणि तिसऱ्या भाकरीला म्हणाले, "चटणी हाय का अजून?" आमच्या घरात हे वाक्य लग्नाच्या मंगलाष्टकांइतकं पवित्र मानतात.

परतीच्या एसटीत मामा माझ्या शेजारी बसले. तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "शिऱ्या, तू माझी नक्कल करतोस म्हणं."

मी म्हणलं, "कोण म्हणतंय? छे!"

"हात चुकतोय तुजा. छत्रीवानी धरतोस. गाडीतनं उतरवून डोक्यावर मोळी घेतली की हात असा जातोय, बघ. बोटं मागं. मान हलवायची न्हाय, मोळी पडतीया." त्यांनी माझा हात धरून वर नेला, बोटं वाकवली. कंडक्टर आमच्याकडं बघत राहिला. "हां. आता बरोबर. करायची तर नीट कर."

"आणि मामा, ते हॉटेल लाइन?"

"मग? लाकडाबिगर हॉटेल चालतंय व्हय?"

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. आजारपण नाही, काही नाही. सकाळी चहा पिऊन "चूल विझलीया बघ" म्हणाले आणि आडवे झाले. या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं, रत्नाचं लग्न ठरलं. परत बस्ता, परत तेच सोलापूर, परत पंचवीस-तीस माणसं. अक्काकडचे म्हणून बसण्णाकाकाही होते, आता आमच्या बाजूनं. गंगव्वा आजी नव्हत्या, मागच्याच वर्षी गेल्या. गाठोडी बांधून झाली, सगळे दुकानाबाहेर रस्त्यावर आले आणि रत्नाचे नवे सासरे म्हणाले, "मग, जेवायचं कुटं?"

आमच्याकडच्या प्रत्येकाची मान एकाच बाजूला वळली. तिथं कुणी नव्हतं. रत्ना पायांकडं बघत होती.

बसण्णाकाका माझ्या कानाशी आले. "शिऱ्या, तू करतोस की त्येचं. कर."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी हात वर केला, बोटं मागं, मान न हलवता. डोळे अर्धे मिटले. आणि माझ्या तोंडून मामा म्हणाले, "सोलापूर मला इचारायचं! चला माझ्या मागं!"

रत्ना फस्सकन हसली, आणि मग पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली. पण माणसं चालायला लागली. काशीबाईच्या खानावळीचं पुढचं दार कुठल्या रस्त्यावर आहे, हे मला अजून माहीत नाही. मी सरळ बोळात शिरलो. गटार होतं, राखेचा ढीग होता. कुत्रं दुसरं असावं, पण झोपलेलं तसंच.

नवे पाहुणे नाकाला रुमाल लावून थबकले. "ओ, हे मागलं दार हाय की!"

मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात बसण्णाकाका मला बाजूला सारून पुढं झाले आणि धोतर सावरत पहिल्या पायरीवर बसले.

"चूल मागंच असतीया," ते म्हणाले. "फुडं गल्ला असतोय. बसा."