कोल्ह्याने जीवच मागायचा असतो

आमच्या क्लबात खुर्च्या दोन प्रकारच्या होत्या, हातांच्या आणि बिनहातांच्या. कोणी कशावर बसायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी इतक्या वर्षांत चुकीच्या खुर्चीवर बसलेला माणूस मी पाहिला नाही. माझी बिनहातांची. मी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर जवळच्या मुर्री गावात घर बांधलं आणि बरं मराठी लिहितो एवढ्या गुणावर क्लबाचा मानद चिटणीस झालो. निमंत्रणं लिहायची, आभार लिहायचे, इतिवृत्त लिहायचं. जेवण चांगलं असे. आणि खरं सांगायचं तर मला हसायला काहीतरी लागतं, ते तिथे भरपूर मिळे.

क्लब नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूच्या एका गावात, आमराईत भरायचा. पाटीवर पूर्वी 'शिकार' असा शब्द होता. शिकारबंदीनंतर त्यावर रंग मारून 'निसर्ग' लिहिलं, पण रंग पातळ होता. उन्हात दोन्ही शब्द वाचता येत. अध्यक्ष म्हणजे जुन्या मालगुजाराचे नातू. साठीचे, गोरे, आवाज कधी न चढवणारे. ते इतकं हळू बोलत, की ऐकण्यासाठी समोरच्याला वाकावं लागे, आणि सगळे वाकत. आजोबांची सोला हॅट ते वर्षातून एकदा घालत. तिला उंदरांनी एका बाजूनं कुरतडलं होतं. ती बाजू फोटोत येऊ नये म्हणून फोटोग्राफर नेहमी डावीकडेच उभा राहायचा, कोणी न सांगता.

वर्षातून एकदा म्हणजे जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी. धान कापून झालेलं असतं, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या असतात. त्या दिवशी क्लबाचा 'कोल्हा' निघायचा.

ही पद्धत अशी पडली म्हणतात. कोण्या एका गोऱ्या साहेबाला थंडीत घरची आठवण आली. त्याच्या देशात या दिवसांत घोड्यांवर बसून, कुत्री सोडून कोल्ह्यामागे धावतात. त्या दिवशी कोल्हा सापडला नाही. तेव्हा आजोबांनी शिकारीत हाका करणाऱ्या माणसांपैकी एकाला बोलावलं आणि बोकडाचं ओलं कातडं त्याच्या कमरेला बांधून पळवलं. साहेब खूश झाला. साहेब गेला, त्याची आठवण आमच्याकडे राहून गेली.

आता घोडे नव्हते, जीपगाड्या होत्या. कुत्री होती. अध्यक्षांची दोन उंच, शिकारी जातीची कारवानी आणि गावातली सात-आठ. कोल्ह्यानं बोडीच्या पारीवरून, म्हणजे लहान तळ्याच्या बांधावरून, निघायचं आणि कातडं ओढत मोहाच्या झाडापर्यंत पोचायचं. दीडेक किलोमीटर. तिथे कातडं कुत्र्यांसमोर टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. मग सभासद येत. 'आधी तुम्ही', 'नाही, आधी तुम्ही' करत जीपमधून उतरत. अध्यक्ष हॅट काढून विचारत, "कोल्ह्या, माग." कोल्हा म्हणे, "जीव पाहिजे, मालक." अध्यक्ष म्हणत, "दिला." टाळ्या पडत. कोल्ह्याला शाल मिळे आणि मटणाची पहिली वाढ त्याच्या पत्रावळीवर पडे. त्याच्याआधी कोणी घास घेत नसे. पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडायची. "क्या तहजीब है," असं एकदा एका पाहुण्यानं म्हटलं. मी ते इतिवृत्तात लिहिलं.

कोल्ह्याला किती आधी सोडायचं, याचाही नियम होता. तो पळायला लागला की अध्यक्षांपुढे चहा यायचा. कप खाली ठेवला की कुत्री सुटायची. अध्यक्ष चहा फार सावकाश पीत. लोक त्याला त्यांचा मोठेपणा म्हणत, आणि एका अर्थी तो होताच.

मी सांगतोय त्या वर्षी कोल्हा होता तो अकरा वर्षं तोच होता. गोंड, साठी उलटलेला, जंगलात रोजीनं आगराखी, म्हणजे वणव्यावर पाळत, केलेला. अंगात मांस नव्हतं, पळणं मात्र हरणाचं. अलीकडे एक गुडघा दुखायचा. त्याची मुलगी बारावी झालेली. जंगलाच्या गेटवर गाईडच्या जागा निघाल्या होत्या आणि तिला ते काम हवं होतं. ती पाखरं आवाजावरून ओळखायची. मला पुस्तकातून ओळखावी लागतात. गावच्या वनसमितीच्या शिफारशीशिवाय नाव पुढे जात नव्हतं, आणि समितीचे अध्यक्ष आमचेच अध्यक्ष. यादी कोल्ह्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी जाणार होती. पुढची भरती कधी निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

बापलेक अर्ज लिहून घ्यायला मुर्रीला माझ्याकडे आले. मी अर्ज लिहिला. मुलीनं फोटो चिकटवला. मी विचारलं, मालकांशी बोललात का.

"बोललो जी," म्हातारा म्हणाला. "तीन डाव गेलो. घरी गेलो तं म्हनतात, हे हापिसातलं काम हाय, घरी नोको बोलू. हापिसात गेलो तं म्हनतात, घरची ओळख इथं कायले आनतं? मंग बोलू कुठं?"

मला हे इतकं नेटकं वाटलं की मी हसलो. आणि मग मला एक कल्पना सुचली. वाचणाऱ्या माणसांना सुचतात तशी.

"दरवर्षी मोहाखाली मालक तुम्हाला काय विचारतात?"

"कोल्ह्या, माग."

"मग मागा की."

"तिथं जीव मागा लागते जी."

"अकरा वेळा मागितलात, अकरा वेळा मिळाला. तो आहेच तुमच्याकडे. या वेळी पोरीचं काम मागा. पाहुण्यांसमोर ते स्वतः विचारणार, मग नाही कसं म्हणतील?"

मुलगी पायरीवर बसली होती. ती माझ्याकडे न बघता बापाला म्हणाली, "कायले आयकता सरचं, बाबा? सरले मजा पाहाची हाय."

"तसं नाही," मी म्हणालो. पण थोडं तसं होतं. वर्षानुवर्षं मी तो प्रश्न ऐकत होतो आणि एकदा तरी कोणीतरी त्याचं खरं उत्तर द्यावं, असं मला मनातून वाटायचं. ते उत्तर मी स्वतः देऊ शकलो नसतो. मी बिनहातांच्या खुर्चीवर बसणारा माणूस. अर्ज मी माझ्याच फाइलीत ठेवून घेतला. हो म्हटलं की तिथल्या तिथे सही घेऊ, असं म्हणालो.

रविवारी धुकं लवकर फाटलं. म्हातारा चांगला पळाला. पारीवरून उतरताना गुडघ्याला हात लावला, मग लावला नाही. अध्यक्षांनी चहा नेहमीसारखाच सावकाश घेतला. क्लबाचं शिंग फुंकायचा मान एका राइस मिलवाल्याकडे होता. त्यांनी ते फुंकलं आणि कुत्री सुटली. आम्ही जीपनं मोहाखाली पोचलो तेव्हा कातड्याच्या चिंध्या झालेल्या होत्या आणि म्हातारा बुंध्याला टेकून धापा टाकत होता.

अध्यक्षांनी हॅट काढली. "कोल्ह्या, माग."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"पोरीचं नाव लिस्टीत टाका, मालक. गाईडच्या."

राइस मिलवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू तयार होतं, पण आमच्यात अध्यक्षांच्या आधी हसत नसत, म्हणून ते तसंच थांबून राहिलं.

"काय म्हणालास?" अध्यक्षांनी वाकून विचारलं. पहिल्यांदाच मी त्यांना कोणासाठी वाकताना पाहिलं.

त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी थोडं हळू.

अध्यक्ष सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "चिटणीससाहेब, आपल्या पद्धतीत कोल्ह्यानं काय मागायचं असतं?"

त्यांना कळलं होतं. म्हातारा स्वतःच्या मनानं असं काही बोलणारा माणूस नव्हता, आणि त्यानं माझ्याकडे बघितलेलं त्यांनी बघितलं होतं. मी म्हणू शकलो असतो, की आपण विचारलंत, त्यानं सांगितलं. हे वाक्य माझ्याजवळ आठवडाभर तयार होतं.

"जीव," मी म्हणालो.

"आणि नाही मागितला तर?"

"तसं कुठे लिहिलेलं नाही."

"मग लिहा." ते अगदी गोड आवाजात सांगू लागले आणि मी डायरी उघडली. "कोल्ह्यानं जीव मागितला नाही, तर तो दिला असं समजू नये." मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही नको म्हणता, तर आमची काय जबरदस्ती?" अकरा वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

आता हसायला परवानगी होती. सगळे हसले. "वा भैया," राइस मिलवाले म्हणाले, "ये तो कानून की बात हो गई."

"पुन्हा एकदा होऊ द्या," अध्यक्ष म्हणाले. "इथून पारीपर्यंत. पाहुण्यांनाही परत तिकडेच जायचंय."

म्हाताऱ्याला वाटलं थट्टा आहे. तो हसला, हात जोडले. "मालक, कातडं तं फाटलं."

"कातड्याचं काय एवढं."

तेव्हा त्याला समजलं. त्याची कंबर, धोतर, दोन्ही हात त्या ओल्या कातड्याच्या रक्तानं माखलेले होते. कुत्री जिभा काढून त्याच्याकडेच बघत होती. तो उठला आणि पळायला लागला. मला आजही वाटतं, तो बसून राहिला असता तर काय झालं असतं. एवढ्या लोकांसमोर बसलेल्या माणसावर कुत्री सोडणं कदाचित त्यांनाही जमलं नसतं. पण कोल्हा पळतो. अकरा वर्षांची सवय त्याच्याही पायांत होतीच.

थर्मासमधून अध्यक्षांसाठी चहा ओतला गेला. त्यांनी कप ओठांना लावला. म्हातारा तोवर दुसऱ्या बांधीतही पोचला नव्हता, लंगडत होता.

"गार आहे," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला.

राइस मिलवाल्यांनी शिंग हातात धरून विचारलं, "भैया, अभी?" त्यांच्या आवाजात थोडी चलबिचल होती, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. अध्यक्षांनी नुसतं कपाकडे बघितलं. कप खाली होता. नियम सगळ्यांना माहीत होता. शिंग वाजलं.

गावठी कुत्री अर्ध्या वाटेत कंटाळली. ती त्याला ओळखत होती. कारवानी कंटाळत नाहीत. पारीच्या अलीकडे, शेवटच्या बांधीत एकानं त्याची पोटरी धरली.

आम्ही पोचलो तेव्हा तो पारीवर बसलेला होता. तिथपर्यंत तो गेला होता, सरपटत का होईना. कुत्र्यांना बाजूला करून बांधलेलं होतं. अध्यक्ष जीपमधून उतरले, हॅट काढली.

"कोल्ह्या, माग."

म्हातारा पोटरी दोन्ही हातांनी दाबून बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"जीव पाहिजे, मालक."

"दिला."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एका हातात पेन असल्यानं त्यांचा आवाज आला नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. सभासदांपैकी एका डॉक्टरांनी स्वतः जखम धुतली, पट्टी बांधली आणि इंजेक्शनांचा एकही डोस चुकवायचा नाही हं, असं तीनदा बजावलं. अध्यक्षांनी स्वतः त्याला शाल पांघरवली. पहिली वाढ त्याच्या पत्रावळीवर पडली. त्यानं घास घेईपर्यंत सगळे हात आवरून बसले होते. घास घ्यायला त्याला वेळ लागला. कोणी घाई केली नाही. त्या दिवशीचा रस्सा उत्तम होता, हे मला आठवतं. आठवायला नको होतं.

सोमवारी यादी गेली. मुलीचं नाव त्यात नव्हतं.

बुधवारी ती माझ्याकडे आली, एकटी. बस म्हटलं तर बसली नाही.

"अर्ज तुमच्यापाशीच हाय ना?"

मी फाइल काढली. म्हणालो, "मी बोलतो त्यांच्याशी. काहीतरी मार्ग निघेल."

"नोको. तुमचं बोलनं झालं ना बाबासंग." तिनं अर्ज घेतला, कोपऱ्यातला फोटो नखानं हळूहळू सोडवला, फाटू न देता, आणि ओढणीच्या टोकात बांधला. उरलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावरचं अक्षर माझं होतं.

"बाबांचा पाय कसा आहे?"

"सुजला हाय." मग म्हणाली, "मालकाचा मानूस आला होता. पुढच्या साली बाबाले जमते का, म्हून इचारत होता."

"काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, जमत नाई. सरले न्या."

ती हसण्यासाठी बोलत नव्हती. चपला घालून गेली.

पुढच्या जानेवारीत कोल्हा दुसरा होता. नवा माणूस, रीत माहीत नसलेला. मोहाखाली काय मागायचं असतं हे त्याला आधी नीट समजावून सांगा, असं अध्यक्षांनी मला सांगितलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि त्याच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं.