मुखपृष्ठांचं वाचनालय

मी वेबसाइटी बनवतो. पोटासाठी बनवतो, अभिमानानं नाही. लोक म्हणतात इंटरनेट म्हणजे ज्ञानाचा सागर. डोंबलाचा सागर! मागे हिंगण्याच्या एका कारखानदाराला नटबोल्टची साइट करून दिली. त्याला पहिल्याच पानावर वरून नटबोल्टचा पाऊस पाहिजे होता. म्हटलं, साहेब, गिऱ्हाइकाला तुमचा फोन नंबर सापडला तरी पुरे. तर म्हणे, ते राहू द्या, पाहणारा ‘वॉव’ म्हणाला पाहिजे. पाडला पाऊस. आता ती साइट उघडेपर्यंत माणूस इतवारीच्या बाजारात जाऊन नटबोल्ट घेऊन घरी येतो.

काम करताना कानात गाणी असतात, तर तिथंही सुख नाही. एकदा चुकून एक रडकं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हापासून ते ॲप रोज सकाळी मला रडकीच गाणी वाढतं, जसं काही आमच्याकडे मयत झाली आहे. आणि पुस्तकांचं तर विचारूच नका. जाड पुस्तकाचं पाच मिनिटांत सार सांगणारे महाभाग निघालेत. सार कसलं, वरणावरचं पाणी! ते पिऊन लोक ढेकर देतात आणि वर आपल्यालाच शिकवतात.

बाबांना माझी ही चिडचिड समजत नाही. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या वस्तीच्या बुद्धविहारातलं वाचनालय सांभाळतात. वाचनालय म्हणजे एक खोली, लोखंडी कपाटं आणि कुरकुरणारा पंखा. पण त्यातलं एकही पुस्तक अनुदानाचं नाही. आमच्याकडे रीतच आहे, दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेलं माणूस पुस्तक घेतल्याशिवाय परत येत नाही. पायातली चप्पल तुटकी असली तरी चालते, पण पिशवीत पुस्तक पाहिजे. घरात सगळ्यांचं वाचून झालं की ते विहारात आणून द्यायचं. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं अशा बायांनीसुद्धा आणून दिलेली पुस्तकं तिथं आहेत.

खालच्या कपाटात गाण्यांची पातळ पुस्तकं. बाबा पूर्वी भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे. त्या प्रत्येक गाण्याशेजारी त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: सूर काळी दोन, इथं कोरस थांबेल, इथं श्वास घ्यायचा. आता त्यांना दोन ओळींतच दम लागतो. पण नव्या पार्टीचे पोट्टे अजूनही तीच पुस्तकं पुढ्यात ठेवून गाणी बसवतात. बाबांचं गाणं उरलं असेल तर ते त्या पेन्सिलीत उरलंय.

यंदा विहाराच्या कमिटीला नवे अध्यक्ष मिळाले. पांढरे बूट, कानात सदैव फोनचं यंत्र. आल्या आल्या म्हणाले, "आता पुस्तकं कोण वाचते भाऊ? सगळं ऑनलाइन करून टाकू. त्या खोलीत एसी लावू, मोठा टीव्ही लावू." मी साइट फुकटात करून दिली. बजावून सांगितलं, एकेक पान स्कॅन करावं लागेल, महिनोन्‌महिने लागतील. ते म्हणाले, आपल्याकडे माणसं आहेत. आणि दोनच दिवसांत त्यांचा फोन, "झालं भाऊ! पूर्ण लायब्ररी ऑनलाइन!"

साइट उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. नुसती मुखपृष्ठं! ओळीनं मांडलेली मुखपृष्ठं, आत काही नाही. काही उलटी, काहींवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा. मी अध्यक्षांना विचारलं, आतली पानं कुठं आहेत? उत्तरादाखल त्यांनीही अंगठाच पाठवला. मी पोट धरून हसलो, मित्रांना दाखवलं, आणि कामाला लागलो.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "अरे, टेम्पो आला गा. पुस्तकं रद्दीत नेऊन राहिले. तू ये लवकर."

पोचलो तेव्हा अर्धी पोती टेम्पोत चढली होती. बाबा कपाटाला पाठ लावून उभे. अध्यक्ष त्यांना समजावत होते, "काका, टेन्शन काहून घेता? सगळं मोबाइलमध्ये आहे न." आणि त्यांनी आपला फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा लावला. शोधत शोधत त्यांना गाण्यांचं एक पुस्तक सापडलं. चेहरा खुलला. "हे पाह्य, आपलंच आहे!" मग त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि फोनच्या कोपऱ्यावरून पान उलटायला गेले. दुसऱ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं. ते मागे आले. पुन्हा दाबलं. मुखपृष्ठ मोठं झालं. अजून दाबलं. अजून मोठं झालं.

"आत कसं जायचं जी?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी फोन घेऊन इकडेतिकडे बोट फिरवलं आणि म्हणाले, "नेट स्लो आहे काका."

माझं डोकं सटकलं. माझ्याकडे शब्दांना काय तोटा? म्हटलं, आज याची अशी उतरवतो की जन्मात विसरणार नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हातानं गप्प केलं. मग बाहेर येऊन त्यांनी टेम्पोच्या मागच्या फाळक्याला धरलं, गुडघा टेकत वर चढले आणि एका पोत्यावर बसले.

"असं होय," ते म्हणाले, "मंग येऊ द्या नेट. मी बसून राहिलो इथं."

टेम्पोवाला कुरकुरला, "काका, मले दुसरी खेप आहे." बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अध्यक्ष फोन उंच धरून फाटकापर्यंत गेले, तिथून परत आले. वस्तीतली माणसं जमायला लागली. एक बाई दुसरीला म्हणाली, "माझ्या सासूनं देल्लं पुस्तक आहे वं त्याच्यात. हे काय चाललं?" बाकीच्याही कुजबुजू लागल्या.

"आलं का नेट?" बाबांनी विचारलं.

"नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मंग एक काम करा न. येईपर्यंत पुस्तकं आत ठेवा."

आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी तसं मागितलं त्यांनी. अध्यक्षांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं, मग टेम्पोवाल्याकडे पाहून मान हलवली. टेम्पोवाल्यानं पोती उतरवायला फाळका धाडकन खाली पाडला. मला हसू आवरेना. तोवर माझं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. पोत्याचं तोंड त्यांनी अजूनही मुठीत घट्ट आवळलं होतं. मी टेम्पोजवळ गेलो, पण तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं.

"तू काहून दात काढून राहिला?" बाबा वरून म्हणाले. "पकड न तिकडून."